शेवटच्या वावराचं पाणी

पूर्वी शीलवती नगरीत विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने नगरापासून चार कोसांवर, मंदा ओढ्याच्या काठी, एका पाटकऱ्याच्या घरी जन्म घेतला. बाप गेल्यावर पाटाचं पाणी वाटण्याचं काम त्याच्याकडे आलं. ओढा संथ होता. काठाला करंज आणि जांभळी, डोहात म्हशी, दगडावर एखादा खंड्या. ओढ्यावर जुना बांध होता. बांधातून पाट निघायचा आणि वळणं घेत तीस वावरांना पाणी पाजायचा.

पाऊस सरला की पाण्याच्या पाळ्या लागत. पाटकरी पाणी भरलेल्या घंगाळात तांब्याची एक वाटी सोडायचा. तिच्या तळाला बारीक भोक होतं. वाटी भरून बुडाली की एकाची पाळी संपली, दुसऱ्याची सुरू झाली. पहिली पाळी नेहमी शेवटच्या वावराची. वरच्या सगळ्यांनी आपापल्या वावराची फळीची दारं बंद ठेवून पाणी खाली जाऊ द्यायचं, आणि मग शेवटाकडून वर एकेकाने घ्यायचं. पाटकऱ्याला पाटावर स्वतःचं वावर ठेवायला मनाई होती, म्हणजे पाणी देताना त्याचा हात कुठे वळायला नको.

शेवटचं वावर उत्पला नावाच्या म्हातारीचं होतं. तिला नवरा नव्हता, मूल नव्हतं आणि जिभेला हाड नव्हतं. गावाच्या बियाण्याचं भात तिच्याच वावरात व्हायचं. पाटाचा गाळ वाटेत बसून जायचा, तिच्यापर्यंत निवळ पाणी पोचायचं, आणि तिथला दाणा निरोगी निघायचा. ज्येष्ठ लागला की घरोघरची माणसं सूप घेऊन तिच्या दारात येत आणि बी नेत. हे इतकी वर्षं चाललं होतं की पहिलं पाणी तिलाच का, हे कोणी विचारत नसे. न विचारता विचारता गाव ते विसरूनही गेलं.

मग कुंभसेन गावाचा ग्रामणी झाला. पाटाच्या अगदी तोंडाशी त्याचं वावर. त्यात त्याने ऊस लावला. ऊस पाण्याला हपापलेला असतो हे मान्य, पण कुंभसेन उसाच्याही वरताण होता. त्याने गाव गोळा केला आणि सांगितलं, "पाणी माझ्या दारावरून जातं आणि मी नुसतं बघत बसायचं? हे आता चालणार नाही. उद्यापासून आधी वरच्यांनी घ्यायचं. उरलं तर खाली जाईल."

त्याच्या शेजारच्या सहा जणांना त्याने आधीच आपल्या बाजूला वळवलं होतं. बाकीच्यांनी काय करावं? एकाला एकदम बैलाला पाणी दाखवायची आठवण झाली. एकजण पायाचं नख बघत बसला. रोज बैलांवर ओरडणारे हे गळे, पण त्या दिवशी कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. ही गोष्ट सांगताना मला कुंभसेनाचा राग येतोच. त्या नख बघणाऱ्याचा जास्त येतो.

पाटकरी उभा राहिला. म्हणाला, "ग्रामणी, खालचं वावर सुकलं तर गावाचं बी सुकेल."

"मला कुठे भात लावायचाय?" कुंभसेन म्हणाला. "ज्याला लावायचा असेल तो बघून घेईल."

ज्याला ज्याला लावायचा होता तो तिथेच बसला होता. 

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभसेन पाटकऱ्याच्या घरी आला. अंगणात बसून त्याने पाणी मागून घेतलं आणि मायेने बोलू लागला. "तुझ्यासारख्या माणसाकडे वावर नसावं हे मला बरं वाटत नाही. माझ्या शेजारचा मळा तुला देतो. तू एवढंच कर. माझी पाळी असली की वाटी सोडायची विसरत जा. माझं भिजलं की मी हाक मारीन."

पाटकऱ्याने घरातून वाटी आणली आणि त्याच्या हातात ठेवली. "वाटी सोडायची नसेल तर पाटकरी कशाला हवा? ही गावाची आहे, जपून ठेवा."

एवढं बोलून त्याने खांद्यावर कावड घेतली.

बांधाखाली ओढा कोरडा पडला होता. पाणी होतं ते अर्ध्या कोसावरच्या डोहात. तिथून उत्पलेच्या वावरापर्यंत पाटकरी कावडीने पाणी घालू लागला. अख्खं वावर भिजवणं एका माणसाचं काम नव्हतं. त्याने वावराच्या बांधालगतचे चार वाफे निवडले आणि बाकीच्यांना पाणी दिलं नाही. पोटरीत आलेलं भात डोळ्यांदेखत वाळताना बघून उत्पला गावाच्या नावाने बोटं मोडायची. पाटकरी म्हणायचा, "आजी, बोला, खुशाल बोला. पण बोलता बोलता तो वाफ्याचा काठ लिंपून घ्या, पाणी झिरपतंय."

असे चाळीस दिवस गेले. त्याच्या खांद्याची सालटी निघाली. वाटेत लोक भेटायचे, थांबायचे आणि हळहळून म्हणायचे, "फार सोसतोस रे बाबा." मग घरी जेवायला जायचे. दुसरी कावड कोणी उचलली नाही. पाटात उतरून कुंभसेनाचं दार लावायला तर कोणीच गेलं नाही, आणि ते दार फळीचं होतं, एका हाताने लागण्यासारखं.

चार वाफे पिकले. बाकीच्या वावरात पेंढा उरला.

तिकडे कुंभसेनाचा ऊस पाणी पीत राहिला. एरवी खालची माणसं आपल्या पाण्यासाठी वरपर्यंतचा गाळ काढत. आता खाली पाणीच जात नव्हतं, मग गाळ कोण काढणार? पाट तुंबला. पुढे न जाणारं पाणी कुंभसेनाच्याच वावरात मुरलं. जमीन चिबड झाली, वर पांढरा खार फुटला आणि उसाची मुळं कुजली. तसल्या जमिनीत आता भाताशिवाय काही तग धरणार नव्हतं.

ज्येष्ठ लागला. उत्पलेच्या दारात सुपं घेऊन रांग उभी राहिली. तीच माणसं, त्याच माना, आजही खालीच. सगळ्यांत शेवटी, कुंपणाच्या बाहेर, स्वतःचं सूप स्वतः धरून कुंभसेन उभा होता.

उत्पला दारात आली आणि तिने एकेकाला सोलून काढलं.

"आलात? माझं भात वाळत होतं तेव्हा तुमचे पाय कुठे गेले होते? रोज माझ्या बांधावरून जात होतात ना? तुझ्या लग्नाचा भात माझ्या बियाण्याचा. तुझ्या बापाच्या तेराव्याचा भात माझ्या बियाण्याचा. आणि तो शेवटचा, त्याला तर म्हणावं ऊस खा. माझ्याकडे चार वाफ्यांचं बी आहे. उंदरांना घालीन, पण तुमच्या सुपात एक दाणा टाकणार नाही."

पाटकरी ओट्याच्या कडेला बसून तिचं बोलणं संपायची वाट बघत होता. ती दम घ्यायला थांबली तेव्हा तो म्हणाला, "आजी, तुम्ही बोललात ते सगळं खरं आहे. एक शब्दही मागे घेऊ नका. आता बी वाटा."

"यांना?"

"पेरलं नाही तर यांची पोरं उपाशी राहतील. तुम्हीही राहाल."

उत्पला आत वळली. मग कोठीतून टोपली काढत म्हणाली, "कोणापासून सुरू करू?"

"पाटावर करतो तसंच," पाटकरी म्हणाला.

रांगेतल्या सगळ्यांनी मागे वळून बघितलं. शेवटी कुंभसेन होता. लोक बाजूला झाले. तो जागचा हलेना, तेव्हा उत्पलेनेच हाक मारली, "ये पुढे. तुझं तोंड बघून देत नाहीये. शेवटच्याला आधी द्यायचं ही या गावाची रीत आहे, आणि तू मोडलीस म्हणून मी मोडणार नाही."

तिने त्याच्या सुपात मूठभर बी टाकलं. कुंभसेनाने कमरेला बांधलेली गावाची ती वाटी सोडून पाटकऱ्यापुढे ठेवली. मग बी घरी नेऊन ठेवलं, फावडं घेऊन परत आला आणि उत्पलेच्या वावरापासून वरच्या दिशेने गाळ काढायला लागला. थोड्या वेळाने बाकीचेही उतरले. ते वर्ष गावाने अर्धपोटी काढलं, पण पाऊस सरल्यावर पहिलं पाणी शेवटच्या वावरात गेलं.

पुढे बुद्ध झालेल्या शास्त्याने ही कथा एका विहारात सांगितली. तिथे एक ज्येष्ठ भिक्खू रोज आधी आपलं पाणी भरून घेई आणि पंगतीच्या टोकाला निजलेल्या आजारी भिक्खूपर्यंत रिकामा माठ पोचे. भिक्षा वाढायला येणाऱ्या एका उपासिकेने ते पाहिलं आणि ती सगळ्यांदेखत संतापून बोलली. कथा संपवून शास्ता म्हणाला, "तेव्हाचा कुंभसेन म्हणजे हा ज्येष्ठ भिक्खू. उत्पला म्हणजे ही उपासिका. पाटकरी मीच होतो. आणि भिक्खूंनो, रिकामा माठ रोज बघून गप्प राहिलेले तुम्ही सगळे त्या गावचे लोक होतात."

मग त्याने त्या पाटकऱ्याच्या गुणाचं नाव सांगितलं, करुणा. ज्येष्ठ भिक्खू उठला, माठ भरून आणला आणि पंगतीच्या टोकाकडे गेला. या वेळी बाकीचेही उठले.