मुराळ्याने वाट वाकडी केली

फार पूर्वी, जिथे वैशाखात सावलीसुद्धा सावली शोधते अशा एका मुलखात, एक भाऊ राहत होता. त्याच्याकडे एक बैलगाडी होती, मोऱ्या आणि चांद्या असे दोन बैल होते आणि तीन गावं ओलांडून पलीकडे दिलेली एक बहीण होती.

त्या मुलखात आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण मोठा. आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके घेतात, आमरस खातात आणि दोन दिवस कुणाच्या सुना नसतात. पण लेकीने आपलं आपण यायचं नाही, अशी रीत. माहेरहून कुणीतरी तिला न्यायला गेलं पाहिजे. जो न्यायला जातो, त्याला मुराळी म्हणतात.

बहिणीची सासू कडक होती. "आखाजीच्या आदल्या दिवशी दिवा लावायच्या आत मुराळी दारात आला, तर सून माहेरी जाईल. दिवा लागला की विषय संपला," असं ती म्हणायची, आणि म्हटल्यासारखं करायचीही. मागच्या वर्षी गाडीचं चाक वाटेत मोडलं आणि भाऊ उशिरा पोचला. सासूने त्याला पोटभर जेवू घातलं, अंथरूण-पांघरूण दिलं, पण सून काही दिली नाही. रिकामी गाडी दारात आली तेव्हा त्याची आई ओट्यावरून उठून आत गेली, ती दिवसभर बाहेर आली नाही.

म्हणून यंदा भावाने चाकांना आधीच वंगण घातलं, गाडीवर बांबूच्या तट्ट्याचं छप्पर बांधलं, आत नवी गोधडी अंथरली आणि उजाडताना बैल जुंपले.

ऊन वर आलं तसा रस्ता जागा झाला. पहिलं गाव विणकरांचं होतं. तिथे गल्लीभर रंगवलेलं सूत वाळत घातलं होतं. मोऱ्याने लाल सुताला तोंड लावलं आणि बोलणी भावाला खावी लागली. मग बाजाराचं गाव आलं. टरबुजांचे ढीग, मातीच्या नव्या घागरी, बांगड्यांची दुकानं. बहिणीसाठी हिरव्या बांगड्या घ्याव्यात असं त्याच्या फार मनात होतं, पण तो थांबला नाही. पुढे केळीच्या बागा लागल्या. तिथे गारवा होता, तेव्हा बैलांनी आपणहूनच चाल मंद केली.

दुपारी तिसऱ्या गावाच्या विहिरीवर त्याने बैलांना पाणी दाखवलं. तिथे एक म्हातारी बसली होती. तिने गाडीचं छप्पर पाहिलं, आतली नवी गोधडी पाहिली.

"मुराळी दिसतोस, बाबा."

"हो माय. अक्काला आणायला चाललोय."

"जा, जा. डोळे लावून बसली असेल ती." मग तिने पदराखालून एक पुरचुंडी काढली. "वाटेत आंबेवाडीचं कुणी भेटलं, तर एवढं माझ्या लेकीला पोचवायला सांग. सांजोऱ्या आहेत. तिचा बाप गेला, भाऊ तिला नाही. लग्न झाल्यापासून एक आखाजी तिला माहेरी करता आली नाही. माझे गुडघे मला या विहिरीपुढे नेत नाहीत."

तिला आणून दे, असं काही ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर त्याला नाही म्हणता आलं असतं.

गावाबाहेर रस्त्याला फाटा होता. सरळ गेलं तर ऊन असतानाच अक्काचं गाव. डावीकडे आंबेवाडी, आणि तिथून पुढे मोठा वळसा. भावाने गाडी थांबवली. मागच्या वर्षीचा अक्काचा चेहरा त्याला आठवला. आत जाणारी आई आठवली. मग त्याच्या मनात आलं, यंदा चुकलं तरी पुढच्या वर्षी अक्कासाठी गाडी निघेल. या सांजोऱ्या जिच्यासाठी आहेत, तिच्यासाठी कधीच कुणाची गाडी निघणार नाही.

"माफ कर गं अक्का," तो म्हणाला आणि त्याने कासरा डावीकडे ओढला. 

आंबेवाडीत विचारत विचारत तो म्हातारीच्या लेकीच्या दारात पोचला, तेव्हा ती अंगणात धान्य पाखडत होती. "मुराळी आलोय, हिला न्यायला," तो म्हणाला. तिचा सासरा बाजेवरून म्हणाला, "मुराळी? हिला तर भाऊ नाही."

भावाने पुरचुंडी पुढे केली. लेकीने एक सांजोरी उचलली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. "कड उलटी मुरडलीय," ती म्हणाली. "माझी आई डावखुरी आहे." आणि ती तिथेच मटकन बसून रडायला लागली.

सासरा बाजेवरून उठून तिच्याजवळ आला. "इतकी वर्षं कुणी न्यायला आलं नाही, म्हणून आम्हीही विषय काढला नाही. चुकलंच आमचं. जा पोरी, आईला भेटून ये."

ते अक्काच्या गावी पोचले तेव्हा तुळशीपुढे दिवा लागला होता. अक्का दाराआड उभी होती. तिचं सोडलेलं बोचकं पायाशी पडलं होतं.

"यंदा कुठलं चाक मोडलं?" सासूने विचारलं.

"चाक नाही मोडलं, मावशी. मीच वाट वाकडी केली." त्याने सगळं सांगितलं.

अक्काचे डोळे भरले होते. तरी तिने त्या परक्या बाईला हात देऊन गाडीतून उतरवलं आणि प्यायला पाणी दिलं.

सासू पायरीवर बसली. "मलाही भाऊ नव्हता," ती म्हणाली. "पहिली काही वर्षं मी बोचकं बांधून दारात बसायची. दुसऱ्यांच्या गाड्या समोरून जायच्या. सगळ्यांना घाई. एकानं जरी थांबून विचारलं असतं… मग मी बोचकं बांधायचंच सोडलं." ती सुनेकडे वळली. "तू मात्र बांध तुझं."

"तुम्हीही चला, मावशी," भाऊ म्हणाला. "गाडीत जागा आहे."

"या वयात? आणि जाऊ कुठे? माझ्या माहेरी आता घरसुद्धा उरलं नाही."

तेव्हा पाणी पीत बसलेली ती परकी बाई म्हणाली, "माझी आई आहे ना. तिच्याकडे चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीपाशी गाडी थांबली. म्हातारीने लेकीला मिठी मारली, तिचं तोंड कुरवाळलं. मग तिचं लक्ष मागे गेलं. पांढऱ्या केसांची एक बाई बोचकं छातीशी धरून अवघडून उभी होती.

"आई, यांना माहेर नाही," लेक म्हणाली.

 म्हातारीने त्या बाईच्या हातातलं बोचकं काढून घेतलं.

"ये बाय," ती म्हणाली. "किती उशीर केलास."

आणि सगळं घर जिला टरकून असायचं ती सासू, आपल्याच वयाच्या त्या बाईच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी रडली.

तात्पर्य: आपल्या माणसाला आणायला निघालेल्याने, ज्याला न्यायला कुणीच येत नाही त्याच्यासाठीही थोडी वाट वाकडी करावी.