सोनकीनं उंची वाहिली

ऐक डोंगरआई, तुझी कहाणी. आटपाट डोंगर होता. पायथ्याशी उंचापुऱ्या माणसांचं गाव होतं. गावच्या पाटलाला सोनकी नावाची सून होती. तिचे दिवस भरत आले होते.

एके वर्षी पाऊस रुसला. विहिरी आटल्या, गाई हंबरून हंबरून बसल्या, लोक गाव सोडायला निघाले. सोनकीला चालवेना. ती डोंगराला टेकून बसली. तो काय? डोंगराच्या पोटात पाणी बोलत होतं!

मग तिनं नवऱ्याला, कुर्डूला, हाक मारली. त्यानं कान लावला. म्हणाला, "मला नाही गं ऐकू येत. ऊन लागलंय तुला." तो बैल जुंपायला गेला. मग सोनकीनं दगड सारले, कपार दिसली, वाकून आत शिरली.

पहिलं दार आलं. आतून विचारलं, "कोण गं तू?" "मी पाटलाची सून." "तोरा ठेव, मग ये." तिनं तोरा ठेवला.

दुसरं दार आलं. "कोण गं तू?" "मी भ्यालेली बाई." "भय ठेव, मग ये." तिनं भय ठेवलं.

तिसरं दार आलं, कमरेएवढं. "कोण गं तू?" "मी आई होणार आहे." "मग उंची ठेव. परत मिळायची नाही हो." सोनकी थबकली. लोक हसतील, नवरा ओळखायचा नाही. तोच पोटात लेकरू हललं. ती म्हणाली, "घे बाई. माझ्या लेकराला पाणी दे."

मग दार उघडलं. आत काय पाहिलं? अथांग पाणी, आणि पाण्यात डोंगरआई बसलेली. साऱ्या रानाची मुळं हे तिचे केस. मांडीवर नद्या निजलेल्या. ती श्वास घेई तेव्हा खडक फुलत, श्वास सोडी तेव्हा ओले होत. सोनकीचे हात आपसूक जोडले गेले. तिथंच ती बाळंत झाली. डोंगरआईनं लेकराला ओंजळीत न्हाऊ घातलं.

मग सोनकी म्हणाली, "आई, मला वसा सांग." "श्रावणातल्या शनिवारी भुईला कान लावावा, पाण्याचा बोल ऐकावा. अर्धी भाकरी डोंगराला ठेवावी, अर्धी आपण खावी. घराचं दार आपल्या खांद्याएवढं करावं, वाकून आत जावं. पाणी आलं म्हणून माजू नये, आटलं म्हणून वसा सोडू नये."

सोनकी बाहेर आली. मागोमाग झरा आला. लोक धावले, पाणी प्याले, आणि तिला पाहून हसले. कुर्डू तिच्या डोक्यावरून बघत हाका मारीत होता, "सोनके, कुठं आहेस गं?"

"इथं. खाली."

त्यानं खाली पाहिलं. कमरेएवढी बायको, कुशीत मूठभर लेकरू. तो मटकन भुईवर बसला. डोळ्याला डोळा भिडला. मग म्हणाला, "वाट कुठली गं? मीही जाऊन येतो."

तोही उंची वाहून आला. त्यांचा वंश वाढला, त्यांना अर्धुले म्हणू लागले. त्यांच्या झऱ्याला उन्हाळा ठाऊक नाही, आणि त्यांच्या दारात राजालाही वाकावं लागतं.

जशी डोंगरआई सोनकीला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. पुष्कळा उत्तरांची कहाणी थोडक्या उत्तरी गोड झाली, संपूर्ण झाली.