मानीव होकार

“पण तुम्हाला हा अधिकार दिला कोणी?”

साहेबांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. आधी दोनदा विचारलं तेव्हा हसनबाबा साहेबांच्या गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते आणि त्यांचं सगळं लक्ष चाकाकडे होतं.

आता ते उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, वेळ घेत उठले.

“कुणी न्हाई.”

“मग गाड्या कशा थांबतात?”

“थांबत्यात.”

कोंडसरी घाट अर्धा उतरला की डाव्या हाताला एक लहानसा दर्गा लागतो. तिथे नाका नाही, पोलीस नाही, रस्त्यावर आडवा बांबूही नाही. तरी घाट उतरणारा प्रत्येक ट्रक तिथे थांबतो.

दर्ग्याची देखभाल करणारे हसनबाबा चाकाजवळ तळवा नेतात. टेकवत नाहीत, नुसता जवळ धरतात. ब्रेक दाबून दाबून तापलेलं चाक निवलं, की ते ड्रायव्हरला चिमूटभर उदी देतात. ड्रायव्हर ती कपाळाला आणि स्टिअरिंगला लावतो आणि उरलेला घाट उतरतो.

चाक निवायच्या आधी उदी मिळत नाही. मग मागणारा साखर कारखान्याचा चेअरमन का असेना.

चाकावर पाणी ओतायचीही बंदी आहे. तापलेला ड्रम पाण्याने तडकतो, हे बाबांना ठाऊक आहे. त्यांनी स्वतः बावीस वर्षं ट्रक चालवलाय.

श्रीरंग बाविस्कर साहेबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच कळलं होतं, की सरकारी गाडीचा ड्रायव्हर हणमंत याने न विचारता गाडी कडेला घेतली, चपला काढल्या आणि दर्ग्याच्या कट्ट्यावर जाऊन बसला.

“किती वेळ लागेल?” साहेबांनी विचारलं.

“निवंस्तवर.”

“म्हणजे किती मिनिटं?”

बाबांनी चाकाकडे बोट दाखवलं.

“त्येला इचारा.”

हणमंतने मान खाली घातली. हसू दिसलं असतं तर नोकरी गेली नसती, पण मुंबईपर्यंतचा प्रवास अवघड झाला असता.

साहेब हुशार माणूस होते. हुशार माणसाला ताटकळत ठेवलं, की तो एकतर फोन काढतो नाहीतर समोरच्याला शहाणं करायला घेतो. घाटात फोनला रेंज नव्हती.

“हे असं चालत नाही, बाबा,” ते म्हणाले. “उद्या तुम्ही आजारी पडलात, परवा तुम्ही नसलात, तर? एका माणसाच्या तळहातावर अख्खा घाट सोपवायचा? मोजायचं यंत्र हवं. नोंदी हव्यात. तुमच्यामागे दुसरं माणूस तयार हवं.”

“बराबर हाय.”

साहेब जरा अडखळले. म्हातारा वाद घालेल अशी त्यांची तयारी होती.

“तुमी काय करता?” बाबांनी विचारलं.

“मी हेच करतो.”

“चाकं बघता?”

“यंत्रं. विचार केल्यासारखी वागणारी. शाळेत कोणाला घ्यायचं, दवाखान्यात आधी कोणाला तपासायचं, हे आता तीच सांगतात. माणूस नुसता मान डोलावतो. ती लोकांवर सोडायच्या आधी तपासणारी एक संस्था मी सरकारात उभी करतोय. तीन वर्षं झाली.”

“तीन वर्सं…”

“हो.”

या ‘हो’मध्ये काय काय होतं, ते बाबांना कसं कळणार? मी सांगतो. चांगली नोकरी सोडून हा माणूस मंत्रालयात आला आणि त्याला झेरॉक्सच्या मशीनशेजारची खोली मिळाली. फाइल पुढे ढकलायची, की आठवड्याभराने ती ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत यायची. चर्चेला जावं, तर शेरा मारणारे दौऱ्यावर. असे चौदा शेरे त्याने पचवले होते. पाठीमागे लोक त्याला ‘भविष्यवाले’ म्हणत. तोंडावरही म्हणत. तो रोज सकाळी साडेनऊला येऊन बसत असे. मला असल्या माणसांबद्दल माया वाटते, हे लपवून काय करू?

“कशापायी?” बाबांनी विचारलं.

“काय कशापायी?”

“तीन वर्सं.”

साहेब कट्ट्यावर टेकले. इथवर ते उभेच होते.

“एका दवाखान्यात गेलो होतो. कुठला ते सांगत नाही. तिथे आल्या पेशंटची नावं यंत्रात भरत. लाल आलं तर लगेच बघायचं, हिरवं आलं तर बसवून ठेवायचं. एक बाई आली. एकतीस वर्षांची. पाठ दुखते म्हणाली. हिरवं आलं.”

…

“बाकावरच गेली. तिथल्या सिस्टर मला म्हणाल्या, मला तिच्याकडे बघून कळत होतं हो साहेब, पण स्क्रीन हिरवी होती, आणि थांबवा म्हणायचं कोणाला, तेच माहीत नव्हतं.”

“मग तुमी काय म्हनला?”

“काही नाही. चहा आणला होता त्यांनी, तो तसाच राहिला.”

खालच्या वळणावर एक हॉर्न वाजला आणि दूर गेला.

“त्या दिवशी घरी येऊन कलम अकरा लिहिलं,” साहेब म्हणाले. “बाकी मसुदा नंतर झाला. संशय आला तर संस्थेला यंत्र थांबवता येईल, एवढंच कलम आहे. एका ओळीचं.”

“आन् चार वाजता काय हाय?”

साहेबांनी वर पाहिलं.

“चार वाजता काही आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मघाधरनं सा येळा घड्याळ बघितलं. धा येळा म्हनला, चारला पोचायचंय.”

साहेब गाडीकडे गेले. मागच्या सीटवरची फाइल घेऊन आले. लाल फितीची गाठ सोडताना त्यांचा हात घाईत नव्हता.

“उद्या मंत्रिमंडळापुढे जातंय. संस्था मंजूर आहे. जागा, माणसं, सगळं. आज चारपर्यंत माझ्या सहीसकट पोचलं की झालं.”

“मग पेढे द्या की.”

“कलम अकरा बदललंय.”

…

“वाचा,” बाबा म्हणाले.

साहेबांनी वाचलं. “अर्ज प्राप्त झाल्यापासून तीस दिवसांच्या आत संस्थेने काहीही न कळवल्यास, सदर यंत्र सुरक्षित असल्याचे मानण्यात येईल.”

“म्हंजे?”

“याला मानीव प्रमाणपत्र म्हणतात. आम्ही गप्प राहिलो, तर ते ‘हो’ धरायचं.”

“तीस दिसांत तुमचं बघून हुतं?”

“सहा माणसं देणार आहेत. एका यंत्राला चार महिने लागतात.”

“तवर न्हाई म्हनायचं.”

“नाही म्हणायचं तर पुराव्यासकट. पुरावा गोळा करण्यातच तर चार महिने जातात.”

बाबांनी फाइलकडे पाहिलं. त्यांना वाचता येत होतं की नाही कोण जाणे, पण बराच वेळ पाहिलं.

मग ते साहेबांशेजारी कट्ट्यावर बसले.

“हितं एक वाटी हुती,” ते म्हणाले.

“कसली?”

“उदीची. ट्रकांचा एक मालक आला. मानूस वाईट न्हवता. म्हनला, बाबा, तुमी नमाजाला जाता, तापानं पडता, माझ्या गाड्या तास तास उभ्या ऱ्हात्यात. माल नासतो. काय तरी नियम करा. मला पटलं. तुमी मगाशी म्हनला तसंच हुतं ते… तळहातावर घाट कसा चालंल?”

साहेबांनी फाइल मांडीवर ठेवली.

“मग ठरलं. मी नसलो तर ड्रायव्हरनं पंधरा मिन्टं थांबायचं. तेवढ्यात मी आलो न्हाई, तर वाटीतली उदी आपली आपण घ्यायची आन् निघायचं.”

“मग?”

“दोन वर्सं झ्याक चाललं. मालक खूश. मी बी खूश. पाय दुखत न्हवते.”

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली.

“सर्जेराव म्हनून एक पोरगा हुता. फरशी भरलेली गाडी. मी आत नमाज पढत हुतो. त्येनं घड्याळ लावून पंधरा मिन्टं काढली. एक मिनिट कमी न्हाई. बाकीच्यांनी बघितलंय. मग उदी घेतली आन् गेला.”

…

“तिसऱ्या वळणाला बिरेक लागला न्हाई.”

हणमंतने कट्ट्यावर सरकून बसल्यासारखं केलं.

“मी खाली गेलो,” बाबा म्हणाले. “त्येच्या कपाळाला उदी हुती. माझी. लई रडलो मी, साहेब. त्येनं काय बी चुकवलं न्हवतं. सगळा नियम पाळून गेला.”

“आणि वाटी?”

“पुरली. तिसऱ्या वळणाला.”

वारा सुटला होता. फाइलची पानं फडफडली, तशी साहेबांनी त्यांच्यावर हात ठेवला. मग बोलले ते वरच्या पट्टीत बोलले. माणूस स्वतःशीच भांडत असला की आवाज असा चढतो.

“पण तुम्हाला वाटी पुरता आली, बाबा. दर्गा तुमच्याकडे होताच. माझ्याकडे अजून काहीच नाही. मी सही केली नाही, तर फाइल कपाटात जाते. पाच वर्षं, दहा वर्षं… यंत्रं काय माझ्यासाठी थांबणारेत? ती येतातच आहेत. सही केली तर निदान सहा माणसं तरी बघायला बसतील. आज शून्य आहेत. कलम पुढच्या अधिवेशनात दुरुस्त करता येईल.”

“यील?”

“येऊ शकतं.”

“सा मान्सं म्हंजे सा मान्सं,” बाबा म्हणाले. “ह्ये बी खरं हाय.”

“तुम्ही सगळ्यालाच खरं म्हणता.”

“खोटं कुटं बोलला तुमी?”

साहेबांना हसू आलं आणि तेवढ्यात डोळेही भरून आले. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. आल्यापासून हा माणूस साहेब होता. आता तो अडतीस वर्षांचा एक दमलेला माणूस दिसायला लागला.

“मला सांगा ना मग,” तो हळू आवाजात म्हणाला. “तीन वर्षांत कोणाला विचारलं नाही. विचारण्यासारखं कोणी नव्हतं. सही करू की नको?”

बाबा उठले.

ते गाडीच्या मागच्या चाकाशी गेले. लुंगी सावरून उकिडवे बसले आणि त्यांनी तळवा चाकाजवळ धरला.

…

श्रीरंग त्यांच्या पाठीकडे बघत राहिला.

वरून एक ट्रक उतरत आला. थांबला. ड्रायव्हरने खाली उडी मारली, बाबांना लांबूनच सलाम केला आणि झाडाखाली जाऊन तंबाखू मळत बसला. त्याने काही विचारलं नाही.

…

पाच मिनिटं गेली. बाबांनी तळवा पुढच्या चाकाकडे नेला. परत मागच्या चाकाशी आणला. डोळे मिटले होते की उघडे, ते पाठीवरून कळत नव्हतं.

“बाबा?”

…

“बाबा, मला उशीर होतोय.”

…

हणमंत उभा राहिला. त्याने किल्ली खिशातून काढली आणि परत खिशात ठेवली.

श्रीरंगने फाइल बॉनेटवर ठेवली. शेवटचं पान काढलं. खाली त्याचं नाव टाइप केलेलं होतं, आणि नावावर सहीपुरती मोकळी जागा. त्याने पेनाचं टोपण काढलं. घरी त्याच्या आईने देव्हाऱ्यापुढे साखर ठेवली असेल, कारण आज काम होणार असं तो तिला सांगून निघाला होता.

त्याने मनातल्या मनात घाटाची उरलेली वळणं, चारचा टोला, ती सहा माणसं, सगळं एकदा मांडून पाहिलं. मांडलेलं सगळं सहीच्या बाजूने होतं. फक्त पेन कागदाला लागत नव्हतं.

त्याने घसा खाकरला.

“मी इतका वेळ थांबलो,” तो म्हणाला. “तुम्ही नको म्हणाला नाहीत. म्हणजे तुमचा होकार आहे, असं मी धरतो.”

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. तळवाही हलवला नाही.

“अजून बघतोय मी,” ते म्हणाले.