दोर कुणाचा?

तुमच्या-आमच्या पणज्यांनाही दात यायचे होते, इतक्या फार वर्षांपूर्वीची गोष्ट. उंबरखडकीत धुळाबा नावाचा दोर वळणारा राहायचा. वाऱ्याची झुळूक हाती लागली तर तिचाही तो दोर वळायचा, असं म्हणतात.

पण हात गुणी, गडी आळशी. दोर पक्का व्हायला अंबाडी आठ दिवस भिजवायची, तर हा पाचव्याच दिवशी उपसायचा. बायको साळू बोलली की म्हणायचा, "चालतंय गं. दोराच्या आत कोण बघतंय?"

एकदा गावातला नागू विहिरीतला गाळ काढायला उतरला आणि मध्यावरच दोर तुटला. जीव वाचला, पाय मोडला. वर काढल्यावर कण्हत त्यानं विचारलं, "दोर कुणाचा?"

सगळं गाव धुळाबाकडं बघू लागलं.

"माझा न्हवं," धुळाबा म्हणाला. "बाजारचा असंल."

त्या रात्री तो भाकर नुसती कुस्करत बसला. साळूनं ताट पुढं सरकवलं आणि हळूच म्हणाली, "अवो, तुमचा पीळ मी डोळं मिटून वळखते."

सकाळी तो नागूच्या दारात उभा. "नागू, दोर माझाच हुता. अंबाडी कच्ची हुती."

"ठावं हाय. कवा येतोस, तेवढंच बघत हुतो. आता पाय दाब. आरं, मोडका न्हवं, दुसरा!"

तेव्हापासून आठ म्हणजे आठ दिवस. नवा दोर वळला की धुळाबा आधी स्वतः त्यावर विहिरीत उतरायचा. काठावर नागू लंगडा पाय पसरून बसायचा आणि ओरडायचा, "दोर कुणाचा?" आतून आवाज यायचा, "माझा!" ताप असो, सण असो, एक दोर चुकला नाही. लोक हसायचे. धुळाबा मात्र वर यायचा तो गुणगुणतच. कामात त्याला गोडी लागली होती.

पण नागू काही पुन्हा विहिरीत उतरत नव्हता, आणि धुळाबाला तेच सलायचं. मग एके दिवशी नागूनं नवा दोर कमरेला बांधला आणि खाली उतरला. काठावर धुळाबा असा रडला, की त्या साली विहिरीचं पाणी हातभर चढलं, असं म्हणतात.

पुढं मोठ्या पुरात खालची वाडी वाहून चालली, तेव्हा धुळाबानं दोर टाकून ती कडुनिंबाला बांधून ठेवली. खोटं वाटतं? जाऊन बघा, वाडी अजून तिरकी आहे.

आजही उंबरखडकीत कुणी पहिल्यांदा कामाला निघालं, की स्वतः दोर वळून त्याच कडुनिंबाला लोंबकळतं. परवा शेवंता नर्स होऊन तालुक्याला निघाली. लोंबकळली, आणि दोर तटकन तुटला. पोरगी धपकन मातीत.

"दोर कुणाचा?" पारावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं.

शेवंतानं धूळ झटकली. "माझा," ती म्हणाली.

मग तिला गूळ मिळाला. आणि नव्यानं भिजवायला अंबाडी.