सव्वादोनचा चुडा

या रे पोरांनो, बसा असे जवळ. आणि आधीच सांगते, मधेच कुणी "मग? मग?" करून माझा पदर ओढायचा नाही. गोष्ट आपल्या पायानं चालते, तिला ढकलायची नसते.

सात निळ्या डोंगरांच्या पलीकडे करंजविहीर नावाचं इवलंसं गाव होतं. तिथे राहायची सोनकी. डोंगरउतारावर पिवळी पिवळी सोनकीची फुलं येतात ना, तेच नाव. वय आठ वर्षं, अंगात एकच झगा, तोही दोन ठिकाणी ठिगळ लावलेला. सोनकीला आई नव्हती. सोनकी जन्मली त्याच दिवशी आई गेली. तिला वाढवलं तिच्या थोरल्या बहिणीनं, वत्सलाताईनं. न्हाऊमाखू घालणं, वेणी घालणं, रुसली की समजूत काढणं, सगळं ताईच करायची. म्हणजे सोनकीची आई म्हणा, बाप म्हणा, घरदार म्हणा, सगळं एक ताईच.

ही घरची कासारमंडळी. गावोगाव हिंडून बायकांना बांगड्या भरायच्या, हा त्यांचा धंदा. आता ताईला आठवा महिना लागला होता, तिच्या पोटात बाळ होतं. दाजी तीन दिवसांच्या वाटेवर जत्रेत दुकान मांडून बसले होते. मग बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन रानातून वाड्यावस्त्यांवर जायचं कुणी? आपल्या सोनकीनं. पाय भाजायचे, मान अवघडायची, पण पोरगी हूं की चूं करायची नाही.

आणि तिच्या हातात काय जादू होती म्हणता! बाईचा हात नुसता दाबला की सांगायची, "मावशी, तुमचा सव्वादोनचा हात. वहिनी, तुमचा अडीचचा." माप कधी म्हणजे कधी चुकायचं नाही. बोटाला तेलाचा थेंब लावायची, अंगठा हळूच आत दुमडायची, आणि बांगडी अशी सर्रकन् चढायची की बाई म्हणायची, "अगंबाई, भरलीसुद्धा?"

तर एके दिवशी सकाळी सोनकी रानातून चालली होती. कवडसे पडले होते, शेवाळ हिरवंगार मखमली झालं होतं, फुलपाखरं भिरभिरत होती. तेवढ्यात एका खैराच्या झाडाजवळून बारीकसं रडू ऐकू आलं. बघते तो काय! बुंध्यावरच्या चिकट डिंकात एक पिटुकली परी अडकलेली. करंगळीएवढी उंच. पंख काचेचे, त्यात लाल, मोरपंखी, जांभळे, केशरी असे सगळे रंग लखलखत होते. एक पंख डिंकात रुतून बसला होता.

"ओढू नकोस हं," परी मुसमुसत म्हणाली. "फुटेल माझा पंख."

"ओढेन कशी? मी कासाराची पोर आहे. काच कशी हाताळायची ते मला ठाऊक आहे." सोनकीनं टोपलीतली तेलाची कुपी काढली. दिवसभराच्या बांगड्यांना पुरायचं तेल ते, पण तिनं हात आखडला नाही. थेंब थेंब सोडत गेली, हलकेच बोट फिरवत गेली, आणि पंख सर्रकन् सुटला.

परीनं एक गिरकी घेतली. रानभर चांदणचुरा उधळला, भरदिवसा!

"माझं नाव काचपरी. तू माझा पंख राखलास, म्हणून हे घे तीन मणी. एकेका मण्यात एकेक इच्छा आहे." तिनं सोनकीच्या तळहातावर तीन हिरवे मणी ठेवले. जोंधळ्याच्या दाण्याएवढे, पण आत काजवा लुकलुकावा तसे.

"मग पहिली इच्छा आत्ताच मागते. माझ्या ताईला आणि तिच्या बाळाला सुखरूप ठेव."

परीचं तोंड एवढंसं झालं. "अगं, तेच तर चालत नाही. पहिला नियम आहे, जे काम माणसाच्या हातानं होतं, ते परीनं करायचं नाही. बाळंतीण सुखरूप ठेवायला हात आहेत की तुमच्याकडे."

"मग ह्या मण्यांचं करू काय? लोणचं घालू?"

परी खुदकन् हसली. "लागतील, लागतील! दुसरा नियम, एका मण्याला एकच इच्छा. आणि... अगंबाई, तिसरा सांगायचाच राहत होता! खरं बोलायची वेळ आली आणि तू भिऊन गप्प बसलीस, तर मणी विझतील. मग ते नुसते मणी." एवढं म्हणून ती भुर्रकन् उडून गेली.

सोनकी तशीच घरी वळली. तेल संपलं होतं, बांगड्या भरणार कशा? आणि बरं झालं वळली.

ओसरीवर वत्सलाताई डोक्याला घट्ट फडकं बांधून बसली होती. शेजारी चार बायका, आणि मधोमध ठकूकाकू. ठकूकाकू म्हणजे गावातलं मोठं माणूस. कुणाची ओटी कधी भरायची, बारसं कधी घालायचं, सगळं काकूच ठरवणार. तिचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती.

"ताई, डोकं दुखतंय?"

"कालपासून ठणकतंय गं. आणि डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं होतंय." ताईनं हसायचा प्रयत्न केला, पण चेहराच सुजून आला होता.

सोनकीनं तिचा हात हातात घेतला. पंधरा दिवसांपूर्वी ओटीभरणाचा हिरवा चुडा सोनकीनंच भरला होता. सव्वादोनचा, खुळखुळणारा. आज त्या बांगड्या वाजतच नव्हत्या. मनगटात रुतल्या होत्या, खाली लाल वळ उठले होते. सोनकीनं दाबून पाहिलं. सव्वादोनचा हात अडीचवर गेला होता!

"पोटुशीच्या हातापायांवर सूज यायचीच," ठकूकाकू म्हणाली. "चुडा घट्ट बसला म्हणजे अंगावर तेज चढलं. नशीब काढलंन् हो पोरीनं!"

बायकांनी माना डोलावल्या. पण सोनकीला आठवलं. मागच्या महिन्यात नर्सबाई आल्या होत्या. त्यांनी ताईला बजावलं होतं, "पायांवर थोडी सूज असते. पण तोंडाहातावर सूज चढली, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं, तर घटकाभरसुद्धा थांबायचं नाही. तडक दवाखान्यात यायचं." त्यांनी असंही विचारलं होतं, "तुमची आई कशानं गेली?" ताई तोंड उघडणार तोच ठकूकाकू म्हणाली होती, "नजर लागली हो तिला, दुसरं काय!"

आता सांगायचं ते सगळं सोनकीच्या जिभेवर आलं. पण समोर ठकूकाकू! पोरीनं मान खाली घातली. मुठीतल्या मण्यांकडे तिचं लक्ष गेलं. एक मणी विझत चालला होता.

सोनकी ताडकन् उभी राहिली.

"काकू, हे तेज नाही. ही सूज आहे. नर्सबाईंनी सांगितली होती तीच. मी चुडा वाढवते, आणि ताईला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं."

बांगडी 'फोडली' असं बायका कधी म्हणत नाहीत बरं का, 'वाढवली' म्हणतात. पण म्हणा काहीही, ओटीभरणाचा चुडा बाळ व्हायच्या आत मनगटावरून काढायचा नाही, ही करंजविहिरीची रीत. बायका "अगं आई गं!" करून मागे सरल्या.

"जीभ आवर पोरी!" ठकूकाकू कडाडली. "भरला चुडा वाढवणार? एवढीशी टिकली, आणि मला शिकवतेस?"

सोनकी जागची हलली नाही. "बाकी सगळं तुम्ही मला शिकवा काकू. पण हात मला कळतो. माझं माप कधी चुकलंय? सांगा ना, एकदा तरी चुकलंय?"

बायका आपापल्या हातांतल्या बांगड्यांकडे बघायला लागल्या. कारण खरंच, कधीच चुकलं नव्हतं.

मग एक वेगळीच गोष्ट झाली. ठकूकाकू मटकन् खाली बसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"नजर नव्हती गं लागली तुमच्या आईला," ती म्हणाली. "तिचाही चुडा असाच रुतला होता. डोकं दुखतं म्हणत होती. बांगड्या काढा म्हणून माझ्या विनवण्या केल्यान्. मीच म्हटलं, रीत मोडू नका. दुसऱ्या दिवशी तिला झटके आले. आठ वर्षं हे पोटात ठेवलं मी."

वत्सलाताईनं काकूच्या खांद्यावर हात ठेवला. सोनकीलाही रडू आलं, पण ती रडली नाही. रडायला नंतर वेळ होता. तिनं ताईच्या मनगटाखाली फडक्याची घडी सारली आणि एकेक बांगडी अलगद वाढवली. ताईला ओरखडासुद्धा उठला नाही.

"बाज आणा!" ठकूकाकूनं डोळे पुसले. "पुढचा खूर मी धरते."

ताईला बाजेवर निजवून चार बायका निघाल्या. दवाखाना डोंगरापलीकडे, चार तासांची वाट. ताईचं डोकं आणखीच ठणकायला लागलं. सोनकीनं मूठ उघडली. तिन्ही मणी लखलखत होते!

"काचपरी," ती कुजबुजली, "बाज आमचे हात उचलतील. पण वाट लहान करणं माणसाच्या हातात नाही. तेवढं तू कर."

पहिला मणी विरघळला. आणि काय सांगू! लुगड्याची घडी घालावी तशी डोंगराची वाट दुमडली. ह्या वळणावर पळसाची केशरी फुलं, पुढच्या वळणावर दवाखान्याची पांढरी भिंत. बाजेवरच्या ताईला हिसकासुद्धा बसला नाही.

नर्सबाई धावत आल्या. दंडाला पट्टा बांधून त्यांनी ताईचा रक्तदाब पाहिला. काटा फार वर गेला होता. डॉक्टरीणबाई आल्या, लघवी तपासली, इंजेक्शन दिलं. "आई कशानं गेली हिची?" त्यांनी विचारलं. ह्या वेळी ठकूकाकूनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं खरं सांगितलं.

"पहिलं बाळंतपण, आणि आईलाही हेच झालेलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशा बाईला जास्तच जपायला हवं. उद्यावर ढकललं असतंत तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. आता बाळाला लवकर बाहेर काढावं लागेल."

दार बंद झालं. सोनकी बाहेर बसून राहिली. आता तिचं काम काहीच नव्हतं, आणि तेच सगळ्यात कठीण होतं. मग तिला दाजी आठवले. दुसऱ्या मण्याला ती म्हणाली, "दाजी तीन दिवसांच्या वाटेवर आहेत. त्यांना आत्ता कळायला हवं." मणी विरघळला, वाऱ्याची एक झुळूक निघाली आणि जत्रेत दाजींच्या दुकानातल्या सगळ्या हिरव्या बांगड्या एकदम किणकिणल्या. दाजी काय ते समजले आणि दुकान तसंच टाकून धावत सुटले.

दुपार कलली आणि दार उघडलं. "मुलगी!" नर्सबाई म्हणाल्या. "आई बरी आहे. बाळ चिमणीएवढं आहे, पण आवाज बघा कसा ठणठणीत!"

बाळाला ऊब मिळावी म्हणून काचेच्या पेटीत ठेवलं होतं. सोनकीनं पाहिलं आणि हसली. कासाराची पोर, आल्या आल्या काचेतच!

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "सूज कुणी ओळखली?" सगळ्या बायकांनी सोनकीकडे बोट दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी सोनकीचा तेलकट, काचांच्या ओरखड्यांचा हात आपल्या हातात घेतला. "ह्या हातानं आज दोन जीव राखले," त्या म्हणाल्या. तेव्हा ठकूकाकूनं, त्याच ठकूकाकूनं, कमरेवर हात ठेवून अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "आमच्या करंजविहिरीची पोर आहे ती!" सोनकीची मान जी ताठ झाली, ती काही केल्या खाली येईना.

संध्याकाळी आवारातल्या जास्वंदीवर काचपरी येऊन बसली. पंखांत मावळतीचे सगळे रंग पेटले होते. "एक मणी उरलाय, सोनकी. नवा झगा माग. मोत्यांची माळ माग. आता हा तुझा आहे."

सोनकीनं ठिगळाकडे पाहिलं. मग मण्याकडे.

"माणसाच्या हातून होत नाही ते तू करतेस ना? मग माझ्या आईला निरोप सांग. सांग, ताई वाचली. सांग, बाळ वाचलं. चुडा मी वाढवला, आणि माझं माप बरोबर निघालं."

काचपरीनं मणी दोन्ही हातांनी छातीशी धरला. तिच्या पंखांतून हिरवा, सोनेरी, केशरी प्रकाश भरभरून सांडला, जास्वंद उजळली, सोनकीचे डोळे दिपले, आणि परी त्या प्रकाशात मिसळून गेली.

तेव्हापासून त्या सात डोंगरांत नवी रीत पडली, ठकूकाकूनंच पाडली. ओटीभरणाचा चुडा एक माप मोठा भरायचा. दर आठवड्याला सोनकी येणार आणि चुड्याखालून बोट घालून पाहणार. बोट गेलं नाही, तर चुडा वाढवायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. आणि डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं, तर बोटाचीसुद्धा वाट पाहायची नाही.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. प्रकाश विझता विझता सोनकीला वरून बांगड्यांचा आवाज आला. रुतलेल्या नव्हे हं, चांगल्या सैल, मनगटभर खुळखुळणाऱ्या. सोनकीनं कान देऊन ऐकलं आणि माप ओळखलं.

"सव्वादोनचा हात," ती म्हणाली. "ताईसारखाच."