दोन बोटं जास्त रुंद पेटी

माणसांनी मधासाठी कडेकपारी चढणं सोडून दारात पेट्या ठेवायला नुकती सुरुवात केली होती, तेव्हाची ही गोष्ट. अनसूया ढेबेच्या जांभळीखाली मधमाश्यांची एकच पेटी होती. पहिलं वर्ष बरं गेलं, माश्या वाढल्या. दुसऱ्या हंगामात त्या एका पेटीत मावणार नाहीत, म्हणून तिने सुताराला सांगितलं, "आणखी एक पेटी कर. चांगली ऐसपैस कर."

नवी पेटी आली ती दोन बोटं जास्त रुंद. जुनीच्या शेजारी बसताच म्हणाली, "तुझ्यापेक्षा मोठी आहे मी."

"आहेस खरी," जुनी पेटी म्हणाली. "पण माझी पोळ्याची चौकट तुझ्यात बसेल का गं?"

"तुझ्या चौकटी मला कशाला? माझ्या मला आहेत."

जुन्या पेटीच्या पोटात माश्यांची इतकी दाटी झाली होती की वाद घालायलाही जागा नव्हती.

फुलोरा आला. निम्म्या माश्यांना नवं घर द्यावं म्हणून अनसूयेने अंडी-पिल्लांनी भरलेली एक चौकट जुन्या पेटीतून उचलली आणि नवीत टांगायला गेली. चौकट पेटीच्या दोन्ही काठांना पोचलीच नाही. ती थेट तळाशी पडली आणि पोळं मोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जागेअभावी निम्म्या माश्या उठल्या आणि रानात निघून गेल्या.

मग सुतार करवत घेऊन आला. दोन बोटं कापली गेली, तरी नव्या पेटीने हूं की चूं केलं नाही. तो गेल्यावर मात्र तिने हळूच विचारलं, "ताई, आता बसेल का गं तुझी चौकट माझ्यात?"