उदाचं तळं

खाडीकडून चिरवली गावाला आलात की बांधाला लागूनच एक तळं दिसतं. एका बाजूने त्याची भिंत फोडलेली आहे आणि भरतीचं पाणी खुशाल आत-बाहेर करतं. मासे मुबलक, तरी तिथे कोणी जाळं टाकत नाही. पाहुणे हटकून विचारतात आणि हसुराम पाटील हटकून सांगतात. चूक त्यांच्याच पूर्वजाची आहे, पण झाकून ठेवायचा त्यांचा स्वभाव नाही.

फार मागे गावात पोशा नावाचा आगरी होता, असं सांगतात. बांध राखायचं काम त्याच्याकडे. बाहेर खाडी, आत भात आणि मधे मातीचा बांध, एवढ्यावर गाव जगत होतं. हे तळं त्याचं स्वतःचं. लेकीच्या लग्नासाठी त्याने तीन वर्षं त्यात जिताडे पोसले होते आणि व्याह्यांना मोठ्या तोंडाने सांगूनही ठेवलं होतं. माघात, लग्न चार दिवसांवर आलं असता, जाळं ओढलं तर रिकामं. काठाच्या चिखलात उदांची, म्हणजे पाणमांजरांची, पावलं. व्याह्यांच्या पंगतीत सुकट वाढावी लागली आणि पोशाचं नाक कापलं गेलं. त्याने म्हणे मांडवातच गावदेवीची शपथ घेतली, की खाडीत एक ऊद शिल्लक ठेवणार नाही.

त्याची बायको बामी म्हणाली, "उदानं खाल्लेलं दिसतं तुना, राखलेलं नाय दिसत."

पोशाने ऐकलं नाही. शिमग्यापर्यंत त्याने अकरा ऊद मारले. फासे गावाने पुरवले, कारण अशी तळी प्रत्येकाचीच होती. त्या वर्षी घरोघरी जिताड्याचं कालवण झालं आणि पोशाची वाहवा झाली.

पुढच्या वर्षी चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, वाढल्या. आधी लोकांनी आवडीने खाल्ल्या, मग कंटाळून सोडून दिल्या. चिंबोरी बांधात बीळ करते हे पोशाला बापजाद्यांपासून ठाऊक होतं. तिला खाऊन आवर कोण घालत होतं, हे मात्र त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता तो दिवसभर चिखलाने भोकं बुजवी आणि सकाळी शेजारी दोन नवी दिसत. अकरा उदांचं काम अख्ख्या गावाला जमेना. पोशा मनातून हादरला, पण बामीपुढे कबूल करायला जीभ रेटेना.

भादव्याच्या अमावास्येला, भर दुपारच्या उधाणात, बांधाला खांड पडली. पोटरीला आलेलं भात तासाभरात खाऱ्या पाण्याखाली गेलं. खांड गावाने बुजवली, पण मिठाने मारलेली जमीन तीन वर्षं उठली नाही. माणसं मिठागरांवर मजुरीला गेली. गावाने पोशाला बोल लावला नाही आणि तेच त्याला जास्त लागलं.

तेव्हा त्याने आपल्याच हाताने तळ्याची भिंत फोडली, उरलेले जिताडे पाण्यात तसेच सोडले आणि तळं देवीच्या नावाने उदांना दिलं. लोक हसले. "आदी मारलंस, नि आता जेवाया बोलावतंस?" पोशा रोज पहाटे काठावर जाई, चिखल न्याहाळी, मग दिवसभर भोकं बुजवी. त्याचे हात मिठाने फाटले. चौथ्या वर्षी, मृगाच्या तोंडावर, चिखलात एक पाऊल उमटलेलं दिसलं. पोशा तिथेच बसून ढसाढसा रडला आणि मग गावाला ओरडून म्हणाला, "पेरा आता." त्या पावसात बांध टिकला.

आजही चिरवलीत तळ्याकाठी उदाचं पाऊल दिसल्याशिवाय कोणी बी पेरत नाही. ते बघायचा मान पाटलांच्या घराचा. यंदा मृग लागून तेरा दिवस झाले, पाऊसही चांगला आहे, पण बियाणं अजून घरातच आहे. पाऊल नाहीच दिसलं तर काय, असं पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारतं. हसुराम पाटील पुढे होऊन बांधावरून चालू लागतात आणि मागे न बघता सांगतात, "जपून या. भोकं हायत."